अडकलेली रायफल मोकळी करण्याआधी नीट बघा: पॉइंट २२ सेमी-ऑटोमॅटिकच्या बिघाडाचं निदान

टेक्ससमध्ये आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एक वापरलेली रुगर १०/२२ रायफल घेतली. पहिल्याच शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर ती सातव्या गोळीला अडकली. मी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा धातूचा ठोकळा, खसकन मागे ओढला, आत होतं ते खाली पडलं आणि पुन्हा नेम धरला. पुन्हा अडकली, पुन्हा ओढला. फटफटी बंद पडली की आधी पेट्रोलचा कॉक न बघता किक मारत बसणाऱ्यांतला मी! तासाभरात असं अकरा वेळा झालं. शेवटी रेंजवरचे वयस्कर अधिकारी जवळ आले आणि म्हणाले, "अकरा वेळा पुरावा पायाखाली टाकलास. बाराव्या वेळी हात लावू नकोस, फक्त बघ."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं आहे. रायफल अडकते तेव्हा काडतूस किंवा रिकामी पुंगळी जिथे आणि जशी पडलेली असते, तिथेच निदान लिहिलेलं असतं. मोकळी केली की ते पुसलं जातं आणि मग माणूस अंदाजाने सुटे भाग विकत घेत सुटतो. मीही घेतले. दोन नवी मॅगझिन्स (काडतुसं भरायच्या पेट्या) आणि एक स्प्रिंग. दोष त्यांतल्या कशातच नव्हता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

लेखात उदाहरण १०/२२ चंच घेतलं आहे. १९६४ पासून ही रायफल बाजारात आहे, अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक रेंजवर दिसते, आणि तिची यंत्रणा इतकी साधी आहे की ती कळली की पॉइंट २२ च्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर चापाला एक गोळी सोडून पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफली कळतात. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की तिथे परवान्याशिवाय यातलं काहीच बाळगता येत नाही आणि दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडेच करायची असते.

हात लावण्याआधी

रायफल अडकली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही. उलट आत काय आहे हे नक्की माहीत नसल्यामुळे तेव्हाच ती जास्त धोक्याची असते. नळी निशाण्याच्या दिशेलाच ठेवायची आणि चापावरचं बोट बाजूला घ्यायचं. नळीचं तोंड न हलवता मान कलती करून पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतून आत बघायचं. चष्मा हवाच. आत धुमसणारं काडतूस फुटलं तर पितळेचे तुकडे याच खिडकीतून बाहेर येतात.

चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर नळी समोर ठेवून किमान ३० सेकंद थांबा. मसाला उशिरा पेटण्याचा प्रकार क्वचितच होतो, पण होतो. दुसरी खूण याहून वाईट आहे. नेहमीच्या फटक्याऐवजी दिवाळीतल्या ओल्या फटाक्यासारखं 'फुस्स' झालं, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अर्ध्यावर अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी रायफल पूर्ण रिकामी करून नळीतून सफाईची काठी घालून बघायची. काठी मोकळी गेली नाही, तर ते काम कारागिराचं.

एका गोळीत घडतं काय

बहुतेक लष्करी रायफलींत नळीतला वायू वळवून बोल्ट मागे ढकलला जातो. पॉइंट २२ मध्ये असली वायुनळी नसते. बोल्ट कुठे कुलूपबंदही होत नाही. तो स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने चेंबरवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेवर, टेकून असतो. गोळी पुढे निघते, त्याच दाबाने पुंगळी मागे रेटली जाते आणि तीच बोल्टला मागे ढकलते. जाताना बोल्टवरचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीच्या बुडाची कड धरून ठेवतो. ती मागे येताच इजेक्टरच्या पातळ पट्टीवर आपटते आणि खिडकीतून उडते. बोल्ट जाता जाता घोडा चढवतो, मागच्या आडव्या पिनेवर आदळतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि पुढे येताना तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो.

या सगळ्याला इंधन म्हणजे त्या चिमुकल्या काडतुसातली दारू. म्हणून इथे ताकदीचा हिशोब फार काटेकोर असतो. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोळी सेकंदाला साधारण १,०५० ते १,०८० फूट वेगाने जाते, तर जास्त वेगाची १,२०० च्या वर. बोल्टला पूर्ण मागे न्यायला दुसरीत जोर शिल्लक असतो. पहिलीत तो जेमतेम पुरतो, आणि वाटेत तेल घट्ट झालेलं असेल किंवा काजळी साचली असेल तर कमी पडतो.

घाणीचं कारणही याच रचनेत आहे. पुंगळी मागे सरकायला लागते तेव्हा आत थोडा वायू उरलेला असतो. तो धूर, जळकी दारू आणि शिशाची भुकटी घेऊन थेट बोल्टवर येतो. शिवाय पॉइंट २२ च्या उघड्या शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो. मेण आणि काजळी मिळून तव्याच्या कडेला बसणाऱ्या कीटासारखा लेप तयार होतो.

तीन संशयित

दोष काडतुसात असतो, मॅगझिनमध्ये असतो किंवा रायफलीत. माझ्या अनुभवात क्रमही हाच आहे, आणि बहुतेक लोक तपासायला सुरुवात करतात ती उलट्या टोकाकडून, कारण महागड्या वस्तूवर संशय घ्यायला माणसाला आवडतं.

प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर मार्करने आकडा टाका. एक छोटी वही ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिन १ आणि ज्याने अडकते तेच काडतूस, अशा दहा गोळ्या. मग तेच काडतूस, पण मॅगझिन २. बिघाड मॅगझिन १ बरोबरच फिरत असेल तर दोषी सापडला. दोन्हींत होत असेल तर आता मॅगझिन १ परत लावून वेगळ्या कंपनीचं, जास्त वेगाचं काडतूस घ्या. बिघाड थांबला तर रायफलीला आधीचा दाणा पचत नाही, एवढंच. त्यात रायफलीचा कमीपणा नाही. पॉइंट २२ रायफली काडतुसांच्या बाबतीत घरच्या मांजरासारख्या असतात. शेजाऱ्याचं मांजर खातं म्हणून आपलं खाईलच असं नाही. दोन्ही बदलूनही बिघाड राहिला, तरच रायफल उघडायची.

खिडकीतून दिसतं त्यावरून

*रिकामी पुंगळी खिडकीत उभी, धुरांड्यासारखी.* माझ्या रायफलीत बाराव्या वेळी मला हेच दिसलं. याचा अर्थ पुंगळी चेंबरमधून निघाली, पण बोल्टची धाव अपुरी पडली. इजेक्टरचा फटका नीट बसला नाही आणि परत येणाऱ्या बोल्टने तिला पकडलं. आधी काडतूस जास्त वेगाचं लावून बघा. मग बोल्ट हाताने हळू मागे-पुढे करून कुठे घासतो का ते जाणवतं का, ते बघा. दस्ता बाहेरून आणून बदललेला असेल, तर बोल्ट ओढायचा दांडा लाकडाला घासत असण्याची शक्यता मोठी. तिथे रेघ किंवा चकाकलेला पट्टा दिसतो. दुर्बीण बसवली असेल, तर तिचं माउंट पुंगळीच्या वाटेत तर येत नाही ना, हेही पाहा. उडालेली पुंगळी त्यावर आपटून परत आत येते.

माझ्या बाबतीत कारण होतं तेल. रायफल घरी आणली त्या संध्याकाळी, सायकलच्या साखळीला घालतात तसं, मी आत भरभरून तेल ओतलं होतं. त्यात पहिल्या मालकाची वर्षानुवर्षांची काजळी मिसळली आणि शिऱ्यासारखा गोळा झाला. वर मी आणली होती कमी वेगाची काडतुसं. मिनेसोटातल्या मित्राला हाच त्रास फक्त जानेवारीत व्हायचा, कारण थंडीत तेल थिजतं.

*पुंगळी चेंबरमध्येच, आणि मागून नवं काडतूस तिच्या बुडाला टेकलेलं.* म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटली. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे अडकवा आणि सुटं काडतूस काढा. चेंबरमधली पुंगळी नळीच्या तोंडाकडून काठीने ढकलायची, पण त्याआधी ती खरंच रिकामी आहे याची खात्री करा. आत भरलेलं काडतूस असेल तर काठी अजिबात नको. मग टोकदार लाकडी काडीने एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालचा कीट काढा. आकड्याची धार बोथट किंवा तुटलेली असेल तर तो बदलावा लागतो, आणि हा भाग स्वस्त आहे. बदलताना बोल्ट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून काम करा. त्यामागची स्प्रिंग आणि दट्ट्या इतके लहान असतात की उडाले तर गालिच्यात सापडत नाहीत. मी दोन तास जमिनीवर लोळलो आहे.

आकडा ठीक असेल तर चेंबरच्या कडेवर बॅटरीचा उजेड टाका. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सळई, वर्षानुवर्षं रिकामी आपटली असेल तर तिथे चिमुकला खड्डा पडून धातू आत सरकलेला असतो. तो प्रत्येक पुंगळीला धरून ठेवतो. तिथे कानस लावायचा मोह होतो. लावू नका. कारागिराकडे त्यासाठी धातू परत दाबून बसवायचं हत्यार असतं.

*काडतूस तिरकं, गोळीचं नाक चेंबरच्या खाली किंवा वर टेकलेलं.* इथे संशय मॅगझिनवर. १०/२२ चं मूळचं मॅगझिन १० काडतुसांचं असून आत फिरकी असते. तिच्या खोबणीतून एकेक काडतूस वर येतं. फिरकी मेणाने चिकट झाली की काडतूस वेळेत वर येत नाही. रिकाम्या मॅगझिनची फिरकी बोटाने फिरवून बघा. अडखळत असेल तर सफाई हवी. बाहेरच्या कंपन्यांच्या २५-३० काडतुसांच्या लांबट मॅगझिन्समध्ये वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या ओठांचं प्लास्टिक झिजलेलं किंवा फाकलेलं आढळतं. त्यांची दुरुस्ती करत बसू नये. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत १० पेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी आहे, तेव्हा घेण्याआधी आपल्या राज्याचा कायदा बघा.

अशा तिरक्या अडकलेल्या काडतुसाच्या गोळीवर खाच पडलेली असते, किंवा गोळी पुंगळीत हलते. ते परत भरायचं नाही.

*बोल्ट दोन-तीन मिलिमीटर उघडा राहिलेला.* बरेच जण इथे तळहाताने थाप मारून बोल्ट बंद करतात आणि चाप ओढतात. या रायफलीत बोल्टला कुलूप नाही हे आठवा. पुंगळी पूर्ण आत नसताना काडतूस पेटलं तर तिचं पितळ फाटतं आणि वायू तुमच्या तोंडाकडे येतो. काडतूस बाहेर काढा. शे-दोनशे गोळ्यांनंतर हे सुरू झालं असेल, तर चेंबरमध्ये मेण आणि शिशाची कडी जमली आहे, पितळी ब्रश फिरवा. रायफल स्वच्छ असतानाही होत असेल आणि नळी स्पर्धेसाठीची, तंग चेंबरची असेल, तर काही काडतुसं त्यात बसतच नाहीत.

याच बिघाडाचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याकडच्या लोकांत जास्त दिसतं. कॉलेजात एनसीसीत ज्यांनी पॉइंट २२ हाताळली, त्यांनी ती बोल्ट-ॲक्शन हाताळली. तिथे बोल्ट हाताने मागे घ्यायचा, हाताने पुढे न्यायचा आणि खाली दाबायचा. ती सवय हातात मुरलेली असते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दांडा पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचा असतो. हात सोबत पुढे नेलात की स्प्रिंगचा जोर मरतो आणि पहिलंच काडतूस अर्धवट बसतं. माझ्यातला कॅडेट मरायला सहा महिने लागले.

*टक्, पण गोळी नाही.* ३० सेकंद झाल्यावर काडतूस काढून बुडाच्या कडेवरचा ठसा बघा. या काडतुसात पेटवणारा मसाला मध्यभागी नसून कडेच्या आत गोल फिरवून भरलेला असतो. कधी तो एका बाजूला कमी पसरतो. ठसा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. ते अर्धं वळवून एकदाच परत चालवून बघता येतं. दुसऱ्या प्रयत्नातही गेलं नाही, तर रेंजवरच्या खराब काडतुसांच्या डब्यात टाका, घरच्या कचऱ्यात नव्हे. ठसा पुसट असेल आणि तो सलग चार-पाच काडतुसांवर तसाच असेल, तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही किंवा फायरिंग पिनच्या वाटेत घाण आहे.

*एकदा चाप ओढला, दोन गोळ्या सुटल्या.* रायफल रिकामी करा, पिशवीत घाला, कारागिराकडे न्या. यात घरगुती निदान नाही. धोका तर आहेच, शिवाय अमेरिकेत हा कायद्याचा गंभीर प्रश्न होऊ शकतो. सेफ्टी (चाप अडवणारं बटण) नीट धरत नसेल, किंवा पुंगळ्या फुगलेल्या-फाटलेल्या निघत असतील, तरी हेच.

आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही ही तक्रार नव्या मालकांकडून नेहमी येते. १०/२२ मध्ये तो मुळातच उघडा राहत नाही. काही बिघडलेलं नाही.

उघडून साफ करताना

मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्याने बघा, मग करंगळीने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दस्त्याच्या खालचा एकच स्क्रू सोडवायचा. तरीही यंत्रणा बाहेर येत नाही म्हणून लोक ओढाताण करतात. सेफ्टीचं बटण मधोमध ठेवा, दोन्हीकडे सारखं बाहेर. मग ती अलगद सुटते.

दस्ता निघाला की रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते त्या धातूच्या घराच्या, दोन आडव्या पिना आपसूक गळून पडू शकतात, कारण त्यांना लाकडानेच धरून ठेवलेलं असतं. खाली पांढरं फडकं पसरा. त्या पिना काढल्या की चापाचा संपूर्ण गट एकत्र खाली येतो. त्याला सुटा करू नका. द्रावण फवारा, ब्रश मारा, वाळू द्या. मग मागची जाड आडवी पिन काढायची, दांडा मागे धरून बोल्ट वर उचलायचा, म्हणजे तो निघतो. हे पहिल्यांदा करताना तिसरा हात हवा असं वाटतं. चौथ्या वेळी डोळे मिटून जमतं.

बोल्टचा पुढचा चेहरा, आकड्याखालची जागा आणि चेंबर, इथे निम्मा वेळ घालवा. उरलेलं पुसून घेतलं तरी चालतं. जुन्या रचनेच्या रिसीव्हरची मागची बाजू बंद असल्यामुळे सरळ काठी मागून जात नाही आणि लोक ती नळीच्या तोंडातून घालतात. तोंडाची कड काठीने झिजली की नेम बिघडतो, आणि तो परत येत नाही. त्यापेक्षा दोरीचा ब्रश चेंबरकडून ओढा. नळी दर खेपेला घासायची गरजही नसते. चेंबर मात्र दर वेळी.

तेल बोल्ट सरकतो त्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब आणि बोटाने पसरून. मॅगझिनमध्ये अजिबात नाही. मॅगझिनही उघडण्याआधी विचार करा. फिरकीची स्प्रिंग ठरावीक फेरे पिळून बसवलेली असते. उघडायचंच असेल तर रायफलीच्या पुस्तिकेत दिलेले फेरे बघून मगच स्क्रूला हात लावा.

परत जोडताना घोडा मागे चढवलेला असला पाहिजे, नाहीतर चापाचा गट आत बसत नाही.

काम झालं की आधी थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा. बोटांवरच्या काळेपणात शिसं असतं. घरात लहान मूल असेल तर रेंजचे कपडे वेगळे धुवा.

तपासणीची फेरी

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरा. जोडताना चापाच्या गटात काही चुकलं असेल आणि दोन्ही एकदम सुटली, तरी पुढे काही उरणार नाही. मग पाच, मग दहा. एकाच डब्यातली पन्नास गेल्याशिवाय दुरुस्त झाली म्हणू नका. माझ्या वहीतलं त्या महिन्याचं शेवटचं पान असं आहे: "मॅगझिन १, जास्त वेगाची, ५० पैकी ५०. मॅगझिन २, तीच, ५० पैकी ५०. मॅगझिन १, कमी वेगाची, ५० पैकी ४८. दोन्ही वेळा पुंगळी उभी. तेल पुन्हा पुसलं."

दुसऱ्या दिवशीची नोंद: "कमी वेगाची, ५० पैकी ५०." नवी घेतलेली दोन मॅगझिन्स आणि स्प्रिंग अजून पाकिटात आहेत.